पिंजऱ्यातली घरं : लिस्बनमधले पाच दिवस

(सोसायटीच्या गणेशोत्सवात 'प्रवासाच्या गप्पा' या कार्यक्रमात हॉलमध्ये स्लाइड्स दाखवत केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिला आहे. बोलण्याच्या ओघात राहिलेल्या दोन-चार गोष्टी इथे घातल्या आहेत. शेवटचा भाग मात्र जसा बोललो तसाच ठेवला आहे.)



पहिल्यांदा एक खुलासा. मला बोलायला उभं केलंय खरं, पण मी वक्ता नाही. बांधकाम खात्यात ३४ वर्षं काढलेला माणूस. आमच्या लोकांना भाषण करता येत नाही, मोजमाप घेता येतं. तेव्हा आवाज लहान-मोठा झाला तर सांभाळून घ्या. स्लाइड उलटी लागली तर दोष लॅपटॉपवर बसलेल्या माझ्या नातवाचा समजा.

मुलगी जर्मनीत असते हे बहुतेकांना माहीत आहे. गेल्या वर्षी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. ती म्हणाली, "बाबा, पाच दिवस सुट्टी आहे. पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड, कुठे जायचं?" मी म्हणालो, "लिस्बन." ती म्हणाली, "लिस्बन? तिथे काय आहे?" ही म्हणाली, "यांना काहीतरी मोडकं-तोडकं बघायचं असणार." चाळीस वर्षांचा संसार म्हणजे काय ते यावरून कळतं. तिचं बरोबर होतं.

झालं असं, की कॉलेजात असताना आमच्या एका सरांनी भूकंपाच्या तासाला एकच वाक्य सांगितलं होतं. पोर्तुगालच्या राजधानीत अडीचशे वर्षांपूर्वी लाकडी पिंजऱ्यात घरं बांधली, आणि ती अजून उभी आहेत. ते वाक्य डोक्यात राहून गेलं. पुढे नोकरी, बदल्या, मुलांची शिक्षणं. पण पिंजरा काही डोक्यातून गेला नाही.

लिस्बन हे तेजो नदीच्या मुखाशी, टेकड्यांवर वसलेलं शहर. सात टेकड्या म्हणतात. माझ्या गुडघ्यांच्या हिशेबाने सतरा असाव्यात. फुटपाथ सगळे पांढऱ्या-काळ्या दगडांच्या लहान लहान चौकोनी तुकड्यांचे, त्यात नक्षी. रॉसियो नावाच्या मोठ्या चौकात तर समुद्राच्या लाटांसारखी नक्षी आहे, बघताना जमीनच हलतेय असं वाटतं. दिसायला सुंदर, पण वर्षानुवर्षं पायांनी घासून गुळगुळीत झालेले दगड. त्यावर पावसाची एक सर आली आणि पहिल्याच संध्याकाळी मी भर चौकात लोटांगण घातलं. लागलं काही नाही. ही म्हणाली, "बरं झालं, सुरुवातीलाच दर्शन घेतलंत."

पहिला दिवस आम्ही आल्फामा या भागात घालवला. नाव मूळ अरबी आहे, कारण पोर्तुगीजांच्या आधी इथे मूर लोकांचं राज्य होतं. ११४७ मध्ये आफोन्सो हेन्रिक या पहिल्या पोर्तुगीज राजाने शहर जिंकलं. टेकडीवरचा साओ जॉर्ज किल्ला आणि खालचं कॅथीड्रल, दोन्हीच्या गोष्टी तिथूनच सुरू होतात. आल्फामात गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरच्या खिडकीतल्या बाईला हात लांब करून वाटीभर साखर देता येईल. वर दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले. जुन्या गिरगावात मोठी झालेली माणसं तिथे हरवणार नाहीत. पिवळी २८ नंबरची ट्राम या गल्ल्यांमधून जाते तेव्हा भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं.

याच बाजूला साओ व्हिसेंते द फोरा नावाचा मठ आहे. त्यात ब्रागांझा राजघराण्याची दफनभूमी आहे. तिथे कॅथरीन ऑफ ब्रागांझा हिची शवपेटी ठेवलेली आहे. ही कोण? १६६१ च्या तहाने इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी जिचं लग्न ठरलं आणि जिच्या हुंड्यात मुंबई बेट इंग्रजांना गेलं, ती ही राजकन्या. नवरा वारल्यावर काही वर्षांनी ती लिस्बनला परत आली आणि १७०५ मध्ये इथेच वारली. मुंबई तिने कधी पाहिली नाही. मी त्या पेटीसमोर उभा राहून हिला म्हणालो, "बघ, आपल्या जागेच्या भावाचं मूळ इथे आहे." ही म्हणाली, "हुंडा देणारे-घेणारे दोघे गेले, आपण मेंटेनन्स भरतोय."

दुसऱ्या दिवशी बेलेंला गेलो. नदीकाठी शहराच्या पश्चिमेला हा भाग. जिथून वास्को द गामा हिंदुस्थानच्या शोधात निघाला तो किनारा. इथला जेरोनिमोस मठ म्हणजे दगडाची लेस विणावी तसं काम. खांबांवर दोरखंड, शिंपले, समुद्री वेली, जहाजाच्या गाठी कोरलेल्या. १५०१ च्या सुमाराला काम सुरू झालं. पैसा कुठून आला? आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर पाच टक्के कर बसवला होता, त्यातून. म्हणजे त्या दगडाच्या लेसमध्ये मलबारच्या मिरीचे पैसे आहेत. आत शिरल्याबरोबर एका बाजूला वास्को द गामाची समाधी आणि समोर कवी कामोएंशची. गामा वारला आपल्याकडे, कोचीला, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. आधी तिथल्याच चर्चमध्ये पुरला होता, मग १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले.

तिथून चालत बेलेंच्या बुरुजाकडे गेलात, की एका कोपऱ्यातल्या छोट्या मनोऱ्याच्या खाली मान वर करून बघा. झिजलेलं एक तोंड दिसेल. तो गेंडा आहे, आणि तो गुजरातचा आहे! गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याने तो अल्बुकर्कला भेट दिला, अल्बुकर्कने गोव्याहून जहाजात घालून राजा मॅन्युएलला पाठवला. १५१५ च्या मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात कोणी जिवंत गेंडा बघितला नव्हता. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने तर तो न बघताच, नुसत्या वर्णनावरून आणि एका कच्च्या रेखाटनावरून त्याचं चित्र केलं, ते जगभर प्रसिद्ध झालं. पुढे राजाने गेंडा पोपकडे पाठवला आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. बिचारा.

खाण्याचं विचारू नका, असं म्हणणार होतो, पण महिला मंडळ विचारणारच. आम्ही दोघं शाकाहारी. लिस्बनमध्ये मासे इतके, की भातालाही माशाचा वास. पण गंमत अशी झाली, की मेनू कार्डावरचे शब्द ओळखीचे निघाले. तिथे पावाला 'पांव' म्हणतात. बटाट्याला 'बटाटा'च. कोबीच्या जातीच्या भाजीला 'कोव्ह', अननसाला 'अननाश', काजूला 'काजू'. हॉटेलात किल्ली मागितली तर ती 'शाव्ह', म्हणजे आपली चावी. बादली, लिलाव, पगार, नाताळ हे सगळे तिकडचेच पाहुणे, आता घरचे झालेत. मला सगळ्यात आनंद झाला तो 'गामेला' ऐकून. आमचं साइटवरचं घमेलं! ३४ वर्षं ज्या शब्दाने बिगाऱ्यांना हाका मारल्या तो पोर्तुगीज होता, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.

आता मुख्य गोष्ट. दिवस तिसरा.

शहराच्या मध्यभागी 'बायशा' नावाचा सखल भाग आहे. आल्फामातून खाली उतरून बायशात आलं की एकदम वेगळ्या गावात आल्यासारखं होतं. रस्ते सरळ, काटकोनात. इमारती सगळ्या एका उंचीच्या, एकसारख्या खिडक्यांच्या. रस्त्यांची नावं धंद्यांवरून. सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा, कापडवाल्यांचा, खोगीर बनवणाऱ्यांचा. आपल्याकडे तांबट आळी, बुरूड आळी असते तसंच. एका टोकाला नदीवर उघडणारा प्रचंड चौक, मध्ये घोड्यावर बसलेला राजा जोसे पहिला, आणि मागे भव्य कमान. नकाशावर त्या चौकाचं नाव व्यापार चौक असं आहे, पण गावातले लोक अजून 'राजवाड्याचं पटांगण' म्हणतात. राजवाडा मात्र तिथे नाही.

का नाही? १ नोव्हेंबर १७५५. शनिवार. ख्रिस्ती लोकांचा 'सर्व संतांचा दिवस'. सकाळी साडेनऊ-पावणेदहाची वेळ. सगळं गाव चर्चमध्ये, सगळीकडे मेणबत्त्या लावलेल्या. आणि समुद्राच्या तळाशी मोठा भूकंप झाला. काही मिनिटं जमीन हलत राहिली. चर्चेसची छतं माणसांवर कोसळली. जे वाचले ते मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले. साधारण पाऊण तासाने समुद्राचं पाणी आधी मागे हटलं आणि मग भिंतीसारखं आत आलं. आणि जे पाण्यातून वाचलं त्याला मेणबत्त्यांची आणि चुलींची आग लागली, ती पाच-सहा दिवस जळत होती. नदीकाठचा राजवाडा त्याच्या ग्रंथालयासकट गेला. नवंकोरं ऑपेरा थिएटर सात महिन्यांपूर्वीच उघडलं होतं, तेही गेलं. हजारो माणसं गेली. राजा त्या दिवशी बेलेंला होता म्हणून वाचला, पण त्याने इतकी धास्ती घेतली, की पुढे तो दगडी छताखाली राहायला तयार होईना. वर टेकडीवर लाकडाचा आणि कापडाचा राजवाडा करून राहिला.

भूकंपाच्या आधीचं शहर कसं होतं ते बघायचं असेल तर फरशांच्या संग्रहालयात जा. निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशा हे पोर्तुगालचं वैशिष्ट्य. तिथे सुमारे २३ मीटर लांबीचं फरशांचं एक चित्र आहे, १७०० च्या आसपासचं. नदीतून दिसणारं अख्खं लिस्बन, एकेक घर, एकेक चर्च. त्यातलं कितीतरी आता नाही. आमच्या शेजारी एक म्हातारं स्थानिक जोडपं बोटाने काहीतरी दाखवत होतं. बहुतेक आपली गल्ली शोधत असावेत.

मग शहर पुन्हा कोणी उभं केलं? राजाचा मंत्री होता, पुढे तो पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेला. माणूस कठोर होता, विरोधकांना त्याने क्रूरपणे संपवलं, ते लपवायचं कारण नाही. पण कामाचा उरक जबरदस्त. त्याने गावोगावच्या पाद्र्यांना एक प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ टिकला? समुद्र आधी चढला की उतरला? जमिनीला भेगा पडल्या का? माणसं किती गेली? देवाचा कोप म्हणून हात जोडून बसण्याच्या काळात त्याने माहिती गोळा केली. भूकंपशास्त्राची एक सुरुवात तिथे झाली असं मानतात.

आणि त्याचा मुख्य इंजिनिअर होता मान्युएल द माया. ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या सभासदांनी इथे टाळ्या वाजवायच्या आहेत, कारण भूकंप झाला तेव्हा या गृहस्थांचं वय ७८ होतं! शहराला पाणी आणणाऱ्या जलवाहिनीच्या कामात ते होते. त्या जलवाहिनीच्या दगडी कमानी आम्ही चौथ्या दिवशी बघितल्या. सगळ्यात उंच कमान ६५ मीटर. भूकंपात ती हलली, पण पडली नाही. तिच्यासाठी लोकांनी मांस, तेल आणि दारूवर कर भरला होता. आपण टँकरला भरतो तसा.

माया हे राज्याच्या दफ्तरखान्याचेही प्रमुख होते. दफ्तर किल्ल्यातल्या बुरुजात होतं, तो पडला. या ७८ वर्षांच्या माणसाने आधी ढिगाऱ्यातून कागद बाहेर काढवले आणि लाकडी खोपटात सुरक्षित ठेवले. हे ऐकल्यावर मला २६ जुलै २००५ आठवला. तळमजल्यावरच्या आपल्या ऑफिसात कमरेइतकं पाणी होतं. आपले त्या वेळचे सेक्रेटरी सोसायटीच्या फायली डोक्यावर घेऊन जिना चढले होते आणि नंतर चार दिवस गच्चीवर एकेक कागद वाळवत होते. आपण तेव्हा त्यांना हसलो होतो. पुढे कन्व्हेयन्सच्या वेळी तेच कागद कामाला आले.

डिसेंबर उजाडेपर्यंत मायांनी पर्याय मांडायला सुरुवात केली. होतं तसंच बांधायचं? रस्ते रुंद करून बांधायचं? की शहर उचलून बेलेंकडे न्यायचं? शेवटी ठरलं, जागा तीच, पण सगळं नव्याने. एउजेनिओ दुश सांतुश आणि कार्लुश मार्डेल या इंजिनिअरांनी आराखडे केले. आणि त्या आराखड्यातच तो पिंजरा होता. पोर्तुगीज नाव 'गायोला', अर्थ पिंजराच.

आता दोन मिनिटं वर्ग घेतो, मुलांनी लक्ष द्या. दगड आणि विटा यांच्यावर वजन ठेवलं तर त्या सहन करतात. पण त्यांना ओढलं, वाकवलं तर त्या तुटतात. भूकंप नेमकं तेच करतो. लाकूड वाकतं आणि परत येतं. म्हणून भिंतीच्या आत लाकडाची चौकट करायची. उभे दांडे, आडवे दांडे. पण नुसती चौकट चालत नाही. आपली जुनी लाकडी खाट आठवा. काही वर्षांनी ती डुलायला लागते, मग सुतार एक तिरकी पट्टी ठोकतो आणि खाट ताठ होते. कारण चौकोन मुडपतो, त्रिकोण मुडपत नाही. तसं या चौकटींमध्ये फुलीसारखे तिरके दांडे घातले, मधल्या जागा दगड-विटांनी भरल्या आणि वर गिलावा केला. बाहेरून बघाल तर साधं घर, आत पिंजरा. असं सांगतात, की नमुन्याचं घर चौकात बांधून भोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं, घर टिकतं का ते बघायला. शिवाय शेजारच्या दोन घरांमधली भिंत छपराच्या वर काढली, म्हणजे आग एका घरातून दुसऱ्यात जाऊ नये.

पाया कसला? ती जमीन नदीच्या गाळाची. म्हणून चिखलात पाइनच्या लाकडाचे खुंट ठोकले आणि त्यावर बांधलं. हे खुंट आजही बघता येतात. एका बँकेला तळघरात काम करायचं होतं, खोदताना खाली रोमन काळातले मासे खारवायचे हौद सापडले, आणि त्यांच्या मध्ये हे खुंट. बँकेने ते सगळं जपून लोकांना दाखवायची सोय केलीय, तीही फुकट. खाली उतरल्यावर ओल्या मातीत अडीचशे वर्षांपूर्वीची लाकडं. मी गाइड मुलीला विचारलं, "ही कुजली कशी नाहीत?" ती म्हणाली, "सतत ओली आहेत म्हणून. पाण्याखाली राहिली तर टिकतात, पाणी खाली गेलं तर कुजतात." मी मान डोलावली. पुस्तकात वाचलेलं होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं.

मग मी तिला माझा चाळीस वर्षांचा प्रश्न विचारला. "म्हणजे आज भूकंप झाला तरी ही घरं टिकतील?" ती थोडी थांबली आणि म्हणाली, "पिंजरा जिथे शाबूत आहे तिथे आशा आहे. पण दुकानं मोठी करायला, खोल्या रुंद करायला, पाइप घालायला लोकांनी ठिकठिकाणी तिरके दांडे कापलेत. गिलाव्यामागे दिसत नाहीत ना."

त्या वाक्यावर मी गप्प झालो. हिने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." का गप्प झालो ते शेवटी सांगतो.

पाचव्या दिवशी आम्ही सान्ता जुश्ताच्या लोखंडी लिफ्टने वर कार्मोला गेलो. १९०२ ची लिफ्ट, ४५ मीटर उंच. आपल्या बी विंगची लिफ्ट आणि ती, दोन्ही कुरकुरतात, पण ती चालते. वर कार्मोचा मठ आहे, १३८९ मध्ये सुरू झालेला. भूकंपात त्याचं छत पडलं. नंतर पुन्हा बांधायला घेतलं, ते अर्धवट राहिलं, आणि मग ठरवून तसंच ठेवलं. आज तिथे दगडी कमानी उभ्या आहेत आणि त्यांच्यावर नुसतं आकाश. खाली गवत. ही त्या गवतावर उभी राहून म्हणाली, "अहो, हे तर वसई!" खरंच. वसईच्या किल्ल्यातली छप्पर नसलेली चर्चं अशीच दिसतात. फरक एवढाच, की वसई भूकंपाने नाही, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने घेतली. तिथली एक घंटा वाईजवळ मेणवलीला टांगलेली आहे, आपल्या सहलीत आपण सगळ्यांनी ती बघितली. त्या घंटा ज्यांनी ओतल्या त्यांच्या राजधानीत मी उभा होतो. मनात दोन्ही भाव होते. कारण याच शहरातून गोव्याच्या इन्क्विझिशनचे हुकूम सुटत होते, १५६० पासून, मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत. लिस्बनमध्ये इन्क्विझिशनची कचेरी रॉसियो चौकात होती, तिथे आता राष्ट्रीय नाट्यगृह आहे.

कार्मोच्या बाहेर एक शांत चौक आहे, झाडांच्या सावलीचा. २५ एप्रिल १९७४ ला इथल्याच बराकीत हुकूमशाही सरकारचा पंतप्रधान लपला होता आणि बाहेर रणगाडे आणि लोकांची गर्दी. सैनिकांच्या बंदुकांच्या नळीत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोचली. नव्या सरकारने त्याच वर्षी ३१ डिसेंबरला करार करून गोवा भारताचा आहे हे मान्य केलं. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, तिकडे कागदावर यायला तेरा वर्षं लागली. आणि पुढे याच लिस्बनचा महापौर, मग देशाचा पंतप्रधान झालेले आंतोनिओ कोश्ता यांचे वडील मडगावच्या घराण्यातले. इतिहासाचा हिशेब असा फिरत फिरत येतो.

शेवटचं ठिकाण सांगतो आणि थांबतो. रॉसियोच्या जवळ साओ दोमिंगोस नावाचं चर्च आहे. बाहेरून साधं. त्याच्या दारासमोर १५०६ मध्ये जमावाने धर्म बदलायला लावलेल्या ज्यूंची कत्तल केली. त्याचं स्मारक आज त्याच चौकात आहे. ते चर्च भूकंपात पडलं, पुन्हा बांधलं आणि १९५९ मध्ये आगीत जळालं. दुरुस्त केलं तेव्हा त्यांनी जळलेले खांब तसेच ठेवले. तडकलेले, काळवंडलेले, ढलप्या निघालेले. त्यांच्यामध्ये लोक शांतपणे बसून प्रार्थना करत होते. इंजिनिअर म्हणून बघितलं तर भीती वाटते, पण त्यांनी ते तपासून, आधार देऊन मगच उघडलंय. कुठे काय बिघडलंय ते सगळ्यांना दिसतंय. मला ते चर्च फार आवडलं.

आता मी गप्प का झालो ते.

२००९ मध्ये आमच्या घरी किचन मोठं केलं. तेव्हा पाइप बाहेरून दिसू नये म्हणून मिस्त्रीने बाथरूमजवळच्या कॉलमला छिन्नी लावली, कव्हर फोडून पाइप आत बसवला आणि वर टाइल लावली. मी साइटवर असं करणाऱ्यांची बिलं अडवलेली आहेत. पण माझ्याच घरी मी बघत उभा होतो आणि म्हणालो, "एवढ्याने काय होतंय." सोसायटीला कळवलं नाही. गेल्या सर्वसाधारण सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा ठराव आला. खर्च जास्त होईल, बिल्डिंग तर ठणठणीत आहे, असं म्हणून पुढे ढकलला. तुम्हाला वाटलं असेल, इंजिनिअर काका बोलतील. मी बोललो नाही. कारण ऑडिटवाला माझ्या बाथरूमची टाइल ठोकून बघेल, ही मला भीती होती. तिथे गिलाव्यामागे काय आहे ते फक्त मला आणि त्या मिस्त्रीला माहीत होतं. आता तुम्हा सगळ्यांना माहीत झालं.

आपली इमारत आता पंचवीस वर्षांची झाली. उपविधीप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी ऑडिट व्हायला पाहिजे. आपण किती केली ते आपल्याला माहीत आहे. कोणी बाल्कनी आत घेतली असेल, कोणी फ्लॉवरबेडवर टाकी ठेवली असेल, कोणी कॉलमला खाच मारली असेल. मी कोणाकडे बोट दाखवत नाही, मला तो अधिकारच नाही. मी एवढंच सांगतो, की पुढच्या सभेत तो ठराव मी स्वतः मांडणार आहे, आणि ऑडिटवाल्याने सुरुवात ४०३ नंबरपासून करावी. टाइल मी आधीच काढून ठेवीन. दुरुस्तीचा खर्च माझा.

मान्युएल द माया ९१ वर्षं जगले. मी अजून सत्तरीतच आहे, म्हणजे काम करायला वेळ आहे.

आता लाइट लावा. चहा आलाय. लिस्बनच्या अंड्याच्या गोड वड्या आणता आल्या नाहीत, पण हिने कोबीची भजी केलीत. तिकडची 'कोव्ह'च समजा.